विसळलेली बाटली

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बाईंना सगळं कार्यालय 'पुन्हाबाई' म्हणायचं. आकडा जरा शंकेचा वाटला की त्यांचं एकच वाक्य: "पुन्हा करा." या स्वभावापायी बावीस वर्षांत त्यांनी किती जणांच्या शिव्या खाल्ल्या असतील, देव जाणे. पण त्यांच्या सहीचा अहवाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्या सहीच्याच जोरावर पाणी समिती जुन्या गाळण टाक्यांची दुरुस्ती रद्द करायला निघाली होती. सहा महिने पाणी शुद्ध येतंय, मग उगाच खटाटोप कशाला? दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत शिक्कामोर्तब होणार होतं.

नेमक्या बैठकीच्या आदल्या दिवशी बाई नमुने आणणाऱ्या काकांबरोबर फेरीला गेल्या. काका या कामावर सहा महिन्यांपूर्वीच आलेले, भलते टापटिपीचे. नळाखाली त्यांनी बाटली तीनदा खळखळून विसळली.

"काका, हे काय?"

"आत भुकटी चिकटलेली असते हो. तुमची माणसं धड धूतच नाहीत!"

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. ती भुकटी मुद्दाम घातलेली असते; पाण्यातलं क्लोरीन ती तिथल्या तिथे निकामी करते. ती गेली, की नळातून जिवंत आलेले जंतू वाटेत बाटलीतच मरतात आणि तपासणीत पाणी धुतल्या तांदळासारखं निघतं.

बैठकीत बाई उभ्या राहिल्या. "माझे सहा महिन्यांचे अहवाल चुकीचे आहेत."

"चूक कोणाची?" अध्यक्षांनी विचारलं. दाराशी काकांचा चेहरा पडला.

"माझी. भुकटी कशासाठी असते, हे मी यांना सांगितलंच नव्हतं."

"बाई, पुढच्या महिन्यात तुमची बढती आहे. जरा विचार करून बोला."

"हे पाणी लहान मुलं पितात, साहेब. विचार करूनच बोलतेय."

नवे नमुने त्यांनी स्वतः आणले. सहापैकी चारांत जंतू निघाले. लोकांना पाणी उकळून प्यायला सांगितलं गेलं, दुरुस्ती मंजूर झाली. अशी माणसं सरकारी टेबलामागे बसलेली असतात, म्हणून आपण डोळे झाकून नळाला तोंड लावतो. बढती मात्र दुसऱ्याच्या पदरात पडली. बाई घरी जाऊन पोटभर रडल्या, खोटं कशाला सांगा.

आठवड्याभरात अध्यक्षांची बायको प्रयोगशाळेत आली. नव्या साहेबांच्या खोलीवरून ती सरळ पुढे गेली आणि बाईंसमोर येऊन बसली.

"घरी नातू आलाय. आमचं पाणी तपासून द्याल? ह्यांनी बजावलंय, सही त्या बाईंचीच आण."