सहा व्होल्टची बॅटरी

लग्न होऊन मी पुण्याहून ग्वाल्हेरला आले, आणि सासरच्या माणसांशी माझी खरी ओळख मोटार ढकलताना झाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे दिवस. ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात, दाना ओली या गल्लीत आमचं घर होतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, संस्थानच्या न्यायखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी एका सरदारांची जुनी मोटार घेतली होती. बॅटरी म्हातारी झाल्यामुळे थंडीत ती सुरू होत नसे. हँडल मारताना मामंजींचं मनगट लचकलं, तेव्हापासून ते आत बसत आणि मी, सासूबाई आणि माझा नवरा मागून ढकलत असू. सुरुवातीला शेजारी दारात येऊन बघत. पुढे त्यांनी बघणंही सोडलं.

घरात सासूबाई माझ्याशी कामापुरतं बोलत. मोटारीमागे मात्र मनमोकळं बोलत, कारण मामंजींना पुढे ऐकू येत नसे.

"बॅटरी खतम आहे," नऊवारीचा पदर खोचत त्या म्हणायच्या. "ह्यांना वाटतं, थंडी संपली की सुधारेल."

माघात शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मुरारहून निरोप आला, सासूबाईंची धाकटी बहीण तापाने पडली होती. आम्ही मोटार ओलीतून पार महाराज बाड्याच्या चौकापर्यंत ढकलत नेली. बाड्यावर सगळं गाव बाजाराला आलेलं. मोटार दोनदा खोकली आणि गप्प झाली. सासूबाईंनी हात झटकले, टांगा बोलावला आणि एकट्याच मुरारला निघून गेल्या. मामंजी स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले. त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

संध्याकाळी परत आल्यावर त्या म्हणाल्या, "ताप उतरतोय. आता एक तर नवी बॅटरी आणा, नाही तर मोटार विका."

दुसऱ्या दिवशी मामंजी बाड्याजवळच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "कितने वोल्ट की चाहिए?"

"अच्छी," मामंजी म्हणाले.

दुकानदाराने बारा व्होल्टची दिली. मोटार एका दमात सुरू झाली. भोंगा असा वाजला की समोरच्या घरातल्या म्हशीने दावं तोडलं. दिवे दुपारी लख्ख पेटले, मामंजींनी समाधानाने आम्हाला दाखवले, आणि बघता बघता एकेक करून विझले. सगळे बल्ब उडाले होते. मोटार सहा व्होल्टची होती, हे तेव्हा कळलं.

दुकानदाराने कुरकुरत बॅटरी बदलून दिली. ही सहा व्होल्टचीच होती, पण हिचे अधिक-उणेचे खुंटे उलट्या बाजूला. मोटारीतली तार वीतभर अपुरी पडली. पायाखालच्या खाचेत बॅटरी उलटी फिरवून ठेवली, तर खुंटे पलीकडच्या कडेला गेले आणि तार तरीही पोचेना. मामंजींनी मला पट्टी आणायला सांगितलं, मापं घेतली आणि निवाडा दिला, "बॅटरी बरोबर आहे. मोटार चुकीची आहे."

"अहो," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "जुनी बॅटरी सोबत न्या ना. शिंप्याकडे मापाची चोळी नेतोच की नाही आपण?"

"बॅटरी म्हणजे चोळी नव्हे."

"मग तुम्ही आणखी किती आणणार?"

मामंजींनी पट्टी खाली ठेवली. मग मला म्हणाले, "सूनबाई, टांगा बघ."

आम्ही तिघं गेलो. जुनी बॅटरी मामंजींनी मांडीवर घेतली होती, टांग्यात खाली ठेवू देईनात. दुकानात ती नव्या बॅटऱ्यांशेजारी ठेवली. सासूबाईंनी आधी लांबी-रुंदी बघितली, मग उंची, मग खुंटे कोणत्या बाजूला ते. व्होल्टचा आकडा मामंजींनी चष्मा लावून दोनदा वाचला. चौथी बॅटरी हुबेहूब निघाली. दुकानदार म्हणाला, "यह बहुत दिनों से रखी है, कोई लेता ही नहीं."

सासूबाई म्हणाल्या, "तेजाब आमच्यासमोर भरा. पूरी चार्ज करके दो. उद्या नेऊ."

दुसऱ्या दिवशी बॅटरी खाचेत बसली, तार पोचली आणि मोटार सुरू झाली. मामंजींनी लगेच ती बंद केली, पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद केली. त्यांचं धोतर धुऊन आलं तेव्हा मांडीवर भोकंच भोकं होती. जुन्या बॅटरीतलं तेजाब, म्हणजे ॲसिड, पाझरलं होतं. ते धोतर त्यांनी मला पायपुसण्यासाठी दिलं.

रविवारी मुरारला जायचं ठरलं. माझा नवरा सवयीने मागे जाऊन उभा राहिला. त्याला हाक मारून आत बसवावं लागलं. सासूबाई पहिल्यांदाच पुढे, मामंजींच्या शेजारी बसल्या. मामंजींचा हात स्टार्टरच्या बटणाकडे गेला आणि थांबला.

"तू दाब," ते म्हणाले.

"मी?"

"आणलीस तूच."

सासूबाईंनी बांगड्या मागे सारल्या आणि बटण दाबलं. इंजिन धडधडायला लागलं. त्यांनी हात मांडीवर घेतला, पण मुरार येईपर्यंत त्या बटणाकडेच बघत होत्या.

बहीण शाल गुंडाळून दारात आली. "या ना आत, चहा ठेवलाय," ती म्हणाली.

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "चहा मागाहून. तू ये, बस. तुला एक चक्कर मारून आणते."

मामंजींनी मुकाट्याने मोटार वळवली.