रडारला न कळलेली पवनचक्की

बैलबाजारात दलाली करून मी नगरच्या कॅम्पाबाहेर खडकाळ जमीन घेतली, तिच्यात मोसंबी लावली. वीज तिथवर आली नव्हती. भंगारवाल्याशी घासाघीस करून आणलेली पवनचक्की विहिरीवर उभी केली होती. उघड्या माळावर वारा असायचाच, पाणी चढायचं.

बहात्तरच्या उन्हाळ्यात शेजारच्या टेकाडावर लष्कराचं रडार आलं. पाठोपाठ एक साहेब आणि कोल्हापूरकडचा हवालदार माझ्या बांधावर हजर.

हवालदार म्हणाला, "मामा, तुमची चक्की आमच्या पडद्यावर विमानागत दिसतीया."

"आणि टेकडी? माझी खोली? ती नाही दिसत?"

"ते यंत्र वगळतं. जागचं हलत नाही ते सोडायचं, हलतं तेवढं दाखवायचं, एवढी हुशारी हाय त्यात."

"हुशारी? माझा बैलसुद्धा बुजत नाही या चक्कीला!"

साहेबांनी हिंदीत सांगितलं: आमचा सराव चालू असेपर्यंत रोज सकाळी दोन तास चक्की बांधून ठेवा. मागणी वाजवी होती. पण समोरच्याचं पहिलं बोलणं मान्य करणारा दलाल मी नव्हे. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव जुळेना, की हात झटकून उठायचं, "न्या बैल फुकट!" म्हणायचं आणि चालू लागायचं. समोरचा मागे येतो. येतोच.

मी उठलो. "दोन तास कशाला? उतरवूनच ठेवा की सगळी चक्की!" म्हणालो आणि निघालो. मागे पावलं वाजली. आला, म्हटलं.

साहेबांनी माझा हात धरून जोरात हलवला. "शुक्रिया! देश को आप जैसे लोग चाहिए."

दुसऱ्या सकाळी जवानांनी चक्की उतरवली. पात्यांना ग्रीस लावलं, ताडपत्रीत गुंडाळून विहिरीशी रचली. एकही नट हरवू दिला नाही, म्हणजे भांडायलाही जागा नाही.

"आता झाडांना काय पाजता?" बायको म्हणाली. "तुमची जीभ?"

मी टेकाडावर गेलो. दोन तास बांधतो म्हणालो, उभी करून द्या. साहेब म्हणाले, सराव सुरू झाला, आता तो संपल्यावरच.

हवालदार म्हणाला, "मामा, तुमीच म्हणाला न्हवं, उतरवा?"

"अरे, ते म्हणायचं असतं!"

"मग आमी काय करायचं असतं?"

"मला परत बोलवायचं असतं!"

तो हसला. मला हसू आलं नाही. फिरणं वेगळं आणि निघून जाणं वेगळं, हे त्यांच्या यंत्राला कळत नव्हतं आणि साहेबांनाही.

विहिरीला मोट नव्हती; मी आणि बायको हंड्यांनी पाणी वाहत राहिलो. विहिरीजवळच्या ओळी तगल्या. वरच्या ओळींपर्यंत हंडा पोहोचेना. आधी पानं वळली, मग रोपांच्या काड्या झाल्या.

सराव संपल्यावर जवानांनी चक्की पुन्हा चढवली, आधीपेक्षा सरळ. साहेबांनी मला सलाम ठोकला. मी त्यांना वरच्या ओळींकडे नेलं आणि एक वाळकं रोप उपटून हातात दिलं. ते म्हणाले, "बहुत अफसोस है." मी म्हणालो, "किती?"

त्यांना ते भरपाईचा भाव विचारणं वाटलं नाही. ते टोपी सारखी करून जीपकडे चालू लागले, आणि या वेळी मागे जाणारा मी होतो.