घरोघरचा विस्तव

कापसाने साऱ्या जिल्ह्याला रडवलं, त्या वर्षातली ही गोष्ट. माझं माहेर यवतमाळला लागून, लोहाऱ्याकडचं. आम्ही कोलाम आदिवासीच, पण माळ पेटवतात हे मी लग्न होऊन पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर आले तेव्हाच पाहिलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा या लोकांची डोकी ठिकाणावर आहेत ना, असंच मनात आलं.

पण त्याला रीत होती. पावसाळा सरला की सगळे मिळून माळावरची रायमुनिया मुळासकट खणून काढायचे. या काटेरी झुडपाची फुलं दिसायला गोड, पण एकदा पसरलं की खाली गवताची काडी उगवू देत नाही. मग दिवाळीनंतर, गवत वरून पिवळं आणि बुडाशी ओलं असताना, माळ तुकड्यातुकड्याने पेटवायचा. तेव्हाची आग गुडघ्याच्या वर जात नाही. लावे, ससे शेजारच्या न पेटवलेल्या पट्ट्यात निघून जातात. हेच होळीपर्यंत ठेवलं, तर कोणाच्या तरी बिडीने सगळा माळ मोहाच्या झाडांसकट जातो. आणि या आगीसाठी विस्तव घरोघरच्या चुलीतून यायचा. एका घराने नाही म्हटलं, तरी माळ पेटत नसे.

त्या वर्षी नाही म्हणणारं घर आमचं निघालं.

सासूचं शेत माळाला लागून होतं. पाऊस दगा देऊन गेला, पोडावरच्या बहुतेकांची कपाशी हातची गेली, आणि आमचीच तेवढी उशिरा का होईना फुटत होती. एक ठिणगी उडाली तर सगळं संपलं. नाईक, म्हणजे पोडाचे मुखिया, नात्याने माझे चुलत सासरे. ते खापरीवर विस्तव मागायला आले, सासूने नकाराची मान हलवली, आणि ते चहा पिऊन परत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इकडे गवत वाळत चाललेलं. मला तर सासूचा भारी राग आला. विहिरीवर बाया माझ्याशी नेहमीसारख्या बोलत, टोमणा एकही नाही, त्यानेच जास्त ओशाळल्यासारखं व्हायचं. शेवटी डोक्यावरचा पदर सावरत मीच नाईकांना म्हटलं, एका म्हातारीसाठी कायले थांबता, पेटवून टाका.

ते म्हणाले, "तिचा विस्तव नाई, तं माळ तिचा नाई असं होते. मंग आपण कोनाचा माळ जाळून राह्यलो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं पोड कमरेला कापूस वेचायच्या ओट्या बांधून आमच्या शेतात उतरलं. कोणी बोलावलं नव्हतं. फुटलेला कापूस त्यांनी वेचला आणि आमच्या घरात आणून टाकला. मग बांधालगत उरलेली रायमुनिया खणली, बायांनी वाळका पाला खराट्याने झाडून जमीन उघडी केली. ज्यांच्या घरात यंदा बोंडभर कापूस आला नव्हता, तेच हे करत होते. मला रडू आवरेना. सासू मात्र बांधावर उभी राहून वाऱ्याकडे पाहत होती, कारण निम्मी बोंडं अजून झाडावर बंदच होती.

आग नेहमी पलीकडच्या टोकापासून लागायची. सासू घरी गेली, चुलीतला निखारा घेऊन आली आणि नाईकांना म्हणाली, "माह्या बांधापासून लावा. मीच लावतो."

वारा शेताकडून माळाकडे होता. बांधालगतची पट्टी एकदा काळी झाली की आगीला मागे फिरायला काही उरणार नव्हतं. तरी मी ओलं पोतं घेऊन, जीव मुठीत धरून कपाशीच्या कडेला उभी राहिले. तेवढ्यात आग माळातल्या एका कोवळ्या मोहाकडे वळली. कमरेएवढं रोपटं ते, फुलायला येईल तेव्हा त्याची फुलं वेचायला सासू काही उरणार नव्हती. तिने माझ्या हातातलं पोतं ओढून घेतलं आणि तिकडे धावली. ज्वाळा बडवून विझवल्या, आणि रोपट्याशेजारी धापा टाकत बसली. त्या सगळ्या वेळात कपाशीकडे तिने एकदाही वळून पाहिलं नाही.