तिच्या उशाचा दिवा

टॉर्चचा इवलासा बल्ब मिस्त्री आधी कानाशी धरून हलवायचे. आतली तार तुटलेली असली की बारीक खुळखुळ येते. "आधी ऐका, मंग लावा," असं गिऱ्हाइकालाही सांगायचे. तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता; आम्हीही हसायचो.

हसनाबादेत तेव्हा वीज नव्हती. मिस्त्री तेलाच्या इंजिनावर आसपासच्या गावांतल्या रेडिओंच्या बॅटऱ्या चार्ज करून देत. मी तिथल्या शाळेत मास्तर, राहायला त्यांच्या दुकानासमोर. दुकानामागेच त्यांचं घर. बायको लकव्याने अंथरुणाला खिळलेली. वाचा गेली होती, उजवा हात तेवढा हलायचा. इंजिनाच्या धडधडीत घंटी ऐकू आली नसती, म्हणून त्यांनी दिवा लावायचं ठरवलं.

बॅटरी सहा व्होल्टची. सहाचा एकच बल्ब पुरला असता, पण त्यांनी तीन-तीनचे दोन घेतले आणि एकाच तारेत एकामागे एक जोडले. एक दुकानात डोळ्यांसमोर, दुसरा तिच्या उशाशी; बटण तिच्या उजव्या हाताखाली. जोडी अगदी सारखी हवी, नाहीतर एकावर ताण येऊन तो जातो. त्यासाठी जालन्याच्या दुकानदाराची अख्खी पेटी त्यांनी पालथी घातली होती.

"तिचा पेटला की माझाबी पेटला," मला म्हणाले. "तिला समजते, मी येऊन राह्यलो."

दिवा लागला की बोलणं अर्धवट टाकून उठायचे. पाणी पाजून, कूस बदलून परत यायचे. गिऱ्हाइकं कुरकुरायची, त्यांचं तिकडे लक्षच नसे.

एका बाजारच्या दिवशी त्यांनी आपली चार्ज केलेली बॅटरी चुकून धावडा गावच्या माणसाला दिली आणि त्याची उतरलेली घरच्या तारेला जोडली. दिसायला सगळ्या सारख्याच. गर्दीत बटण दाबून पाहायचं राहून गेलं. दुपारभर दिवा लागला नाही, तेव्हा तिला झोप लागली असेल असं त्यांना वाटलं. आत गेले तर ती गेलेली होती. बोट बटणावर होतं.

पुढच्या बाजाराला धावड्याचा तो माणूस आला, रेडिओ झकास वाजला म्हणून सांगू लागला. बराबर चालला ना, मंग झालं, एवढंच मिस्त्री त्याला म्हणाले. मला तिथे उभं राहवेना.

महिन्याभरात त्यांनी दुकान मोडलं. कुठे गेले, गावात कोणालाच ठाऊक नाही. जाण्याआधी माझ्याकडे येऊन बसले. गर्दीत चूक कोणाच्याही हातून होते, स्वतःला किती बोल लावाल, असं मी समजावत होतो. पण त्यांचं दुःख निराळंच होतं.

"दुसरा दिवा कशाला लावला मी, गुरुजी? तो नसता तर तिला शेवटपर्यंत वाटलं असतं, मी येऊन राह्यलो."