कुंकू लावलेला कोहळा

भुतंखेतं, चकवा, करणी... यातलं मी काही मानत नव्हते, आजही मानत नाही. मानणाऱ्यांची अक्कल मी जवळून पाहिली आहे. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून हे घरातल्या घरात लिहून ठेवते.

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या अलीकडे. शाळा म्हणजे मालगुजाराचं धानाचं रिकामं कोठार — खिडकी नाही, पूर्वेला एकच दार. एकाच वेळी जगात कुठे दिवस आणि कुठे रात्र असते, हे शिकवायला नव्या गुरुजींनी आढ्याला एक कोहळा टांगला. त्यावर काजळाच्या उभ्या रेघा, आपल्या देशाच्या जागी कुंकवाचा टिळा. मागच्या भिंतीवर पुठ्ठ्याची घड्याळं — लंडन, टोकियो, न्यूयॉर्क — प्रत्येकाचे काटे वेगळे. दारातून ऊन आलं की कोहळा अर्धा उजळायचा, अर्धा काळा राहायचा. गुरुजी तो फिरवायचे आणि पोरं ओरडायची, "लंडनात उजाडलं!"

गावाला यात करणी दिसली. पाटलाचा बैल आजारी पडला, तो म्हणे कोहळ्यामुळे! बैल शाळेत एकही दिवस गेला नव्हता; पाटीलही नाही.

"गुरुजी, कोहळ्याले कुंकू लावून टांगून राह्यले, हे कोणतं शिक्षण?"

"पाटील, ही पृथ्वी आहे."

"मंग पृथ्वीले कुंकू काऊन?"

"लाल शाई संपली होती."

यावर हसायचं सोडून गाव घाबरलं. गावच्या भगतानं सांगितलं, घड्याळं म्हणजे कोणाच्या घरी कधी मरण येणार त्या वेळा. लंडन नावाचं घर आमच्या गावात कोणतं, हे त्याला एकानंही विचारलं नाही. बैठक ठरली शनिवारी दुपारी, शाळेतच. काही वावगं निघालं तर पोरं काढायची आणि दाराला कुलूप. माझी शेवंता तेव्हा चौथीत. चौथीनंतर घरी बसणं काय असतं, ते मला चांगलं माहीत आहे.

त्याच दिवशी सकाळी शाळा सारवायची पाळी माझी होती. शेवंता पाणी घेऊन मागून येत होती. मी दार उघडलं, ऊन सरळ आत शिरलं. वर पाहिलं तर... कोहळ्याची दाराकडची बाजू काळी, आणि भिंतीकडची लख्ख उजळलेली.

मी कोहळ्याच्या मागे गेले. भिंत अंधारात, घड्याळांवरची नावंही वाचता येईनात. कोहळ्यावरची मात्र एकेक रेघ दिसत होती. कोणी काही चोपडलं असेल म्हणून मी तो फिरवला. कुंकू फिरून भिंतीकडे आलं आणि उजळलं. उजेड जागचा हलला नाही. भिंत आणि कोहळा यांच्यामध्ये हात धरला — हातावर उजेड नाही, कोहळ्यावर सावली नाही.

शेवंतानं उजळलेल्या बाजूला बोट लावलं. "माय, उन्हात ठेवल्यावानी गरम हाये वं!"

"हात काढ."

कळशी घ्यायला वळले आणि पुन्हा पाहिलं, तर कोहळा रोजच्यासारखा.

दुपारी सगळं गाव जमलं. पाटील म्हणाले, "देवकाबाई, सकाळी तुमीच होत्या इथी. काई दिसलं का?"

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. शेवंता टक लावून बघत होती.

"कोहळा हाये, पाटीलभाऊ," मी पदर सावरत म्हटलं. "इतकं भ्या वाटते तर वड्या घाला त्याच्या."

मागून कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. भगत उठून गेला. करणीला भिणारी ही माणसं, हसं व्हायला त्याहून जास्त भितात! कुलुपाचं नावही पुन्हा निघालं नाही.

घरी जाताना शेवंता म्हणाली, "माय, तू खोटी काऊन बोलली?"

"तुले पाचवीत जायचं हाये का नाई?"

"जायचं हाये."

"मंग चाल."

ती आता ब्रह्मपुरीला शिकते. तो उजेड कुठून आला, मला आजवर कळलेलं नाही. गुरुजींना विचारलं नाही. त्यांनी न पाहताच समजावून सांगितलं असतं. गावाला सांगितलं असतं तर गावकऱ्यांना न पाहताच सगळं समजलं असतं. मी पाहिलं आहे... आणि मला काहीच समजलेलं नाही.