नाखोन पाथोमची जत्रा, आईच्या संगतीने

"येते मी. पण मला कुठं काही खायला लावायचं नाय," आईने अट आधीच घातली.

झालं असं, की एका रविवारी दुपारी मी फोनवर थायलंडमधल्या जत्रांचे व्हिडिओ बघत लोळत होते. खाण्याचं माझं वेड या ब्लॉगवर येणाऱ्यांना ठाऊक आहे. बँकॉकपासून तास-दीड तासावर नाखोन पाथोम नावाचं शहर आहे. त्याच्या मधोमध नारिंगी रंगाचा अवाढव्य स्तूप आणि कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास त्याच्या पायाशी भरणारी मोठी जत्रा. मी बघत होते तव्यावर तडतडणारे शिंपले. माझ्या खांद्यावरून आई बघत होती तो स्तूप.

"हा खरा हाय का फोनात केलेला?"

खरा आहे म्हटल्यावर तिने तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग वरची अट घालून म्हणाली, "पासपोर्टला काय लागतं?"

ही अट का, ते सांगते. आई नांदगावकडच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका होती. निवृत्त झाल्यावर नाशिकला उपनगरात माझ्याकडे राहायला आली. पुढे गालाचा कॅन्सर निघाला. आयुष्यभर मिसरी लावली होती. ऑपरेशन झालं, किरणं दिली, आणि ती बरी झाली. पण डावा गाल आत ओढला गेला. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, आणि खाताना ओठाच्या कोपऱ्यातून घास निसटतो. तेव्हापासून ती कोणासमोर जेवत नाही, माझ्यासमोरसुद्धा नाही. ताट घेऊन आतल्या खोलीत जाते, दार लोटून घेते. बुद्धपौर्णिमेला विहारात सगळ्या बाया चटईवर बसून खीर खातात, तेव्हा ही डबा पुढे करते. "घरी जाऊन खाईन."

जिच्या हातची खिचडी गावातल्या दोन पिढ्यांनी तिच्या मांडीला मांडी लावून खाल्ली, तिचं हे असं झालं होतं. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नाही. नवरा म्हणाला, लेकीची शाळा मी सांभाळतो, तुम्ही दोघी जा.

आता कामाचं. भारतीयांना सध्या थायलंडला फिरायला जायला व्हिसा लागत नाही, पण निघण्यापूर्वी एक आगमन-अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी अधिकृत साइटवर खात्री करा. नाशिकहून आम्ही टॅक्सी केली. समृद्धी महामार्गाने मुंबई आता इतकी जवळ आली आहे की आईला डुलकीही पुरी घेता आली नाही. विमान चार-साडेचार तासांचं. विमानात जेवणाचा ट्रे आला तसं आईने डोळे मिटून घेतले. हवाईसुंदरी गेल्यावर मला हळूच म्हणाली, "तुझ्या पिशवीत टाक. तू खा नंतर."

बँकॉकहून नाखोन पाथोमला व्हॅन जातात, पण तुम्ही साध्या आगगाडीनेच जा. पंख्याचा डबा, उघड्या खिडक्या, आणि तिकीट आपल्या रिक्षाच्या भाड्याहून स्वस्त. बाहेर भातशेती, केळी, कालव्यात उभ्या नावा. आई खिडकीला नाक लावून बसली होती. "घोटीकडं असंच दिसतं, नाय का?" मग जरा वेळाने, "पण इथं पाणी लय."

स्टेशनातून बाहेर आलो आणि समोर सरळ रस्त्याच्या टोकाला स्तूप. फोटोत त्याचा आवाका कळत नाही. जमिनीवर ठेवलेली घंटा असावी तसा घुमट आणि वर निमुळतं होत गेलेलं टोक. आमच्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतला स्तूप डोंगराच्या पोटात, हाताच्या अंतरावर. हा आभाळात. आई रस्त्यातच थांबली. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही, वळसा घालून गेला.

हॉटेल स्टेशनजवळच घेतलं होतं, साधं, स्वच्छ. बॅगा टाकल्या, आणि मी कोपऱ्यावरून 'जोक' आणलं. म्हणजे तांदळाची घोटलेली पेज, वर आल्याचे काप. मऊ खाणाऱ्या माणसासाठी हे फार सोयीचं आहे, आणि सकाळी बहुतेक ठिकाणी मिळतं. आई ती वाटी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले. हे आमचं नेहमीचं होतं.

दुपारी उन्हं कलल्यावर जत्रेत शिरलो. शिरताच आईच्या कपाळावर आठी. एका बाजूला आकाशपाळणा, दुसऱ्या बाजूला फुगे फोडायचे स्टॉल, चमचमत्या कपड्यांतल्या नटनट्यांचं संगीत नाटक, भोंग्यावर गाणी.

"विहारात असलं?" आई म्हणाली. आमच्याकडे विहार म्हणजे पांढरं लुगडं, उदबत्ती आणि चप्पल ओळीत.

पण पायऱ्या चढून वर गेलो तसा आवाज खाली राहिला. एका उभ्या सोनेरी बुद्धमूर्तीपुढे लोक गुडघे टेकून बसले होते. पलीकडे एक भिक्खू काहीतरी म्हणत होते आणि लोक त्यांच्यामागून म्हणत होते. आईने कान टवकारले. "फुत्थांग सारनांग..." तिने माझा हात गच्च धरला. "सुजे, हे आपलंच हाय गं! बुद्धं सरणं!" आणि ती खाली बसून आपल्या नांदगावी उच्चारात त्यांच्याबरोबर म्हणू लागली. कॅन्सरनंतर तिची जीभ जड झाली आहे, 'सरणं'चा 'स' घसरतो. तिथे सगळ्यांचेच उच्चार वेगळे होते, त्यामुळे तिचा कोणाला वेगळा वाटला नाही.

मूर्तीला चिकटवायला सोन्याचा वर्ख मिळतो, कागदाच्या चिमुकल्या घडीत. आईने तो चिकटवला, स्तूपाभोवती टांगलेल्या घंटा एकेक करून वाजवल्या, आणि खाली उतरताना तिची आठी गेलेली होती. पाळण्याकडे बघून म्हणाली, "पोरं येतात तरी. आपल्याकडं पोरं कुठं येतात विहारात?"

मग मी खायला सुटले. शिंपल्यांचं ऑम्लेट खा, काठ कुरकुरीत आणि मधे लुसलुशीत, सोबत मोड आलेले मूग. 'खाव लाम' सोडू नका. बांबूच्या नळीत नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट भात, ही या शहराची खासियत. नळी सोलायची आणि भात खरवडून खायचा. 'खानोम ख्रोक' तर आपल्या आप्पेपात्रातच करतात, नारळाच्या दुधाचे गोड आप्पे. बहुतेक गोष्टी वीस ते साठ बाटमध्ये मिळतात. एका बाटला पावणेतीन-तीन रुपये धरा. शाकाहारी मंडळींनी पिवळा झेंडा लावलेले स्टॉल शोधा. बाकी सगळीकडे माशाचा रस असतो, भाजीतसुद्धा.

मी खात होते आणि आई माझी पर्स धरून उभी होती. "बरं लागतं का?" असं दर पदार्थाला विचारत होती. मी "हो" म्हणत होते आणि पुढच्या स्टॉलकडे वळत होते.

जत्रेच्या मागच्या बाजूला एक मोठा मांडव होता. तिथे गावातले लोक येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालतात. त्या जागेला ते 'रोंग थान' म्हणतात. थान म्हणजे दान, आपलाच शब्द. मोठमोठी पातेली, वाफ, ताडपत्रीवर बसून जेवणारी माणसं. आम्ही नुसत्या बघत उभ्या होतो, तेवढ्यात आईच्याच वयाची, पांढरा ब्लाऊज घातलेली एक बाई कोंबडीच्या रश्शातल्या शेवयांचा वाडगा घेऊन समोर आली. "याय, थान, थान," ती आईला म्हणाली.

"आय म्हणतीय मला," आई चकित होऊन म्हणाली.

'याय' म्हणजे त्यांच्याकडे आजी, हे नंतर कळलं. आईने हात जोडून मान हलवली. नको. बाईने वाडगा आणखी पुढे केला. आईने पुन्हा नको म्हटलं. बाईला वाटलं ही लाजतेय. तिने हसत आईचा दंड धरून तिला ताडपत्रीवर बसवलंच. मी फोनवर भाषांतराचं ॲप उघडत होते, शब्द शोधत होते. इतक्यात आईने माझ्याकडे न बघता तोंडावरचा पदर बाजूला केला आणि आपला गाल त्या बाईला दाखवला. दोन बोटं तोंडापाशी नेऊन खूण केली, एवढंच उघडतं.

बाई वाकून नीट बघू लागली. चेहऱ्यावर दया वगैरे काही नाही. "ओ," म्हणाली. उठली, वाडगा परत घेऊन गेली. मला वाटलं, संपलं.

ती परत आली तेव्हा तिच्या एका हातात दोन वाडगे आणि दुसऱ्या हातात स्वयंपाकाची कात्री. आईसमोर बसून तिने वाडग्यातच कच्-कच् करून शेवया आणि कोंबडी बारीक कापली. वर आणखी गरम रस्सा ओतला. मग स्वतःचा वाडगा मांडीवर घेतला, तोंडात बोटं घातली, आणि वरची-खालची अख्खी कवळी काढून ब्लाऊजच्या खिशात टाकली. बोळकं तोंड पसरून आईकडे बघून हसली, आणि सुर्र करून पहिला घोट घेतला. हनुवटीवर ओघळ आला तो तिने पुसलाही नाही.

आई खुदकन हसली. कॅन्सरनंतर ती ओठ मिटूनच हसते. आता हसली ती तोंड वेडंवाकडं होईल तेवढं होऊ देऊन.

आणि तिने चमचा उचलला.

पहिला चमचा गेला. दुसऱ्याला रस्सा कोपऱ्यातून निसटून लुगड्यावर पडला. त्यात मिरपूड होती, तोंडातली नाजूक कातडी चरचरली असणार, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी टुणकन उठले. "आई, राहू दे. चल, आपण हॉटेलवर—"

"बस खाली," आई म्हणाली. "कोणी बघत नाय इथं. तूच बघतीय."

मी बसले. त्या बाईने गुलाबी टिश्यूचा रोल गडगडत आमच्याकडे सोडला. त्या दोघी जेवत राहिल्या, एक मराठीत बोलत होती, एक थाईत. आई सांगत होती की आमच्याकडे नागलीच्या शेवया पण करतात. ती बाई काय सांगत होती कोण जाणे, पण हातवारे पाहता बहुतेक कवळी करणाऱ्या डॉक्टरला शिव्या देत होती. वाडगा संपायला खूप वेळ लागला. मी तेवढ्या वेळात आईकडे न बघायचा सराव केला. अवघड होतं.

बाईचं नाव सोमजाई. आईने तिचं लगेच सोमाबाई करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी जवळचा तरंगता बाजार ठरवला होता. आई म्हणाली, "तू जा. मी सोमाबाईकडं." शेवटी दोघीही मांडवातच गेलो. आई कांदे-लसणाच्या ढिगापाशी बसली. आमच्या आजोळी, देवळ्याला, कांद्याचीच शेती. इथले लालसर छोटे कांदे पाहून तिने वास घेतला आणि "बरे हायेत" असं प्रमाणपत्र दिलं. दुपारपर्यंत तिथल्या बायांनी तिला जे जे मऊ दिसेल ते चाखायला लावलं: भोपळ्यातलं कस्टर्ड, नारळाच्या दुधातली केळी, आणि आप्पे, आतला मऊ भाग चमच्याने काढून. चव तिला अजून पुरती कळत नाही. गोड थोडं कळतं, खारट बरंच. पण प्रत्येक वेळी ती "छान" म्हणत होती, आणि त्या बायांना तेवढा शब्द पाठ झाला. निघताना मांडवभर "छान, छान" चाललं होतं.

संध्याकाळी स्टेशनसमोरच्या कालव्यात लोक पौर्णिमेच्या रिवाजाप्रमाणे केळीच्या खोडाचे द्रोण सोडत होते, फुलं आणि मेणबत्ती लावून. सोमाबाईने आईसाठी एक केला होता. पाण्यात सोडताना मी विचारलं, "काय मागितलंस?"

"मागायचं कशाला? सोडायचं असतं ना?"

येताना विमानात ट्रे आला तेव्हा आईने डोळे मिटले नाहीत. दही आणि भात घेतला, बाकी माझ्याकडे सरकवलं. शेजारच्या सीटवरचा माणूस एकदा बघून पुन्हा सिनेमात गेला.

तुम्ही जाणार असाल तर पौर्णिमेच्या आधीचे दोन दिवस गाठा, गर्दी जरा कमी असते. सुती कपडे, खांदे आणि गुडघे झाकणारे. म्हाताऱ्या माणसाला न्यायचं तर स्टेशनजवळ राहा, पायऱ्या सकाळी चढा. आणि कोणी फुकट जेवायला बोलावलं तर संकोच करू नका.

काय उरलं, असं मला सगळे विचारतात. घरी सगळं पालटलं असं नाही. आई थकलेली असली की अजूनही दार लोटून जेवते, आणि मी ते लोटू देते. पण परवा नांदगावहून मावशी आली, प्रवासाचं ऐकायला. मी पोहे केले. आईने मांडीवर पंचा पसरला आणि दुधात भिजवलेले पोहे मावशीसमोरच खायला घेतले. खाता खाता सांगू लागली: स्तूप केवढा, गाडी कशी, सोमाबाईने कवळी कुठे ठेवली. ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं. मावशीला कुठे बघावं कळेना, ती माझ्याकडे बघू लागली.

"तिच्याकडं काय बघती?" आई पुढचा चमचा भरत म्हणाली. "इकडं बघ. सांगतीय मी."