दारूच्या दुकानातली बिनआवाजाची टेप

भूतप्रेत, अंगात येणं, नजर लागणं... यातलं मी काहीच मानत नाही. माझा संशय नेहमी जिवंत माणसांवर – दूधवाला, जाऊबाई आणि सगळ्यात आधी नवरा. देवाच्या तीर्थातसुद्धा तू भेसळ शोधशील, असं आमचे हे म्हणतात. तरी हे लिहितेय, कारण इतकी वर्षं झाली तरी डोक्यातून जात नाही.

आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. हे कापड मिलमध्ये लूमवर, म्हणजे मागावर, होते. माझे वडील, आप्पा, त्याच खात्यात. आमचं लग्न त्यांनीच जमवलं. मिल बंद पडली आणि आप्पा दारूच्या नादी लागले. त्यातच गेले. मला इतका राग होता की शेवटी मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं.

आणि नशीब बघा... बरीच वणवण करून यांना नोकरी लागली ती सांवेर रोडवर इंग्रजी दारूच्या दुकानात, काउंटरवर! नातेवाइकांना मी 'जनरल स्टोअर' सांगायचे. हे घरी आले की चहा देण्याच्या निमित्ताने मी यांच्या तोंडाचा वास घ्यायचे. कधीच आला नाही, म्हणून तर जास्त संशय – वेलची चघळून येत असतील.

मग आबकारीवाल्यांनी, म्हणजे दारूचा परवाना देणाऱ्या सरकारी खात्याने, नवीन अट घातली. काउंटरवर कॅमेरा पाहिजे आणि त्याच्या टेपा जपून ठेवल्या पाहिजेत. कॅमेरा लागला तशी भली भली गिऱ्हाइकं तोंडाला रुमाल बांधून यायला लागली. त्याच सुमाराला दुकानातून रोज दुपारी एक पव्वा, म्हणजे पाव बाटली, कमी भरू लागला.

एक दिवस ठेकेदार शेठजींनी मलाच बोलावलं. चोरी हेच करतात, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. मी दुपारी गेले, पदर डोक्यावरून घेऊन, मागच्या दाराने. हे कोपऱ्यात मान खाली घालून उभे. "मला काही याद नाही गं," एवढंच म्हणाले. मनात म्हटलं, सापडलात!

शेठजींनी टेप लावली. आवाज नव्हताच, नुसतं चित्र. भर दुपार, दुकानात चिटपाखरू नाही. हे फळीवरून पव्वा काढतात, वर्तमानपत्रात गुंडाळतात, काउंटरवर ठेवतात. समोर कुणी नाही. चित्र जरा लहरतं... आणि पव्वा नाही. हे मात्र समोर बघून बोलतायत, मान डोलावतायत.

"भाभीजी, भिया किससे बात कर रिये हैं? साथवाले का नाम बता दो, थाने नहीं जाऊँगा," शेठजी पडद्यावरच्या यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले.

लूमच्या खडखडाटात कान काही कामाचे नसतात, तिथली माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. आप्पांमुळे मलाही ते लहानपणापासून येतं. मी यांचे ओठ बघायला लागले.

"आप्पा, आता बास." मग थांबले. समोरच्या रिकाम्या जागेकडे टक लावून, कुणाचे तरी ओठ वाचावेत तसे. मग म्हणाले, "नाही, अजून रागावलीच आहे." पुन्हा थांबले. कपाळाला आठी घालून विचारलं, "मैना कोण?"

मी टेप मागे घ्यायला लावली, पुन्हा पुन्हा. ओठांवर म, प, ब सारखेच दिसतात, मला ठाऊक आहे. पण 'पैना कोण' असं कुणी विचारत नाही.

मैना म्हणजे मी. रात्रपाळीहून आले की आई जागी होऊ नये म्हणून आप्पा मला नुसत्या ओठांनी हाक मारायचे. ते नाव कधी आवाजात उच्चारलं गेलं नाही. कुणालाही मी ते सांगितलेलं नाही, यांनाही नाही. मला रडू फुटलं.

"माझे वडील आहेत," मी शेठजींना सांगितलं. "वारले ते."

शेठजींनी टीव्ही बंद केला. "पहले बोलना था ना," एवढंच हळू आवाजात म्हणाले. पोलिसांत गेले नाहीत. यांना गोदामात पाठवलं आणि पव्वे कमी भरणं थांबलं. ती टेप पुसून टाका म्हटलं, तर म्हणाले, नियमाने ठेवावी लागते.

कधी वाटतं, सगळं नाटक असेल. कॅमेरा चालू आहे हे यांना माहीत होतं, आणि माझ्यासमोर टेप आली तर मी ओठ वाचणार हेही. पण मग ते नाव कुठून आलं?

आणि एक गोष्ट खुपते. त्या दिवशी मी शेठजींच्या खोलीत 'मैना, मैना' पुटपुटत रडत होते, हे शेजारीच उभे होते. तेव्हापासून आजपर्यंत यांनी मला एकदाही विचारलेलं नाही, की मैना कोण. ज्याला ठाऊक नसतं तो विचारतो. यांना उत्तर त्या दुपारी काउंटरवरच मिळालं असेल, तर ते दिलं कुणी?